पडवीत थोपवलेली मदत

मी तालुक्याच्या शिक्षण विभागात साधनव्यक्ती आहे. हा हुद्दा सांगितला की समोरचा माणूस मला एकदा वरपासून खालपर्यंत बघतो आणि मग विचारतो, म्हणजे नक्की काय करता? कागदावर उत्तर सोपे आहे: शिक्षकांना शिकवायला मदत करायची. शिक्षक मुलांना शिकवतात, मी शिक्षकांना मदत करतो, माझ्या वरचे मला मार्गदर्शन करतात आणि त्यांच्या वरचे त्यांना दिशा देतात. या उतरंडीच्या अगदी तळाशी सहा-सात वर्षांचे एक मूल ‘क’ला काना जोडत बसलेले असते. वरून जे जे सुटते ते शेवटी त्याच्या पाटीवर येऊन पडते.

जिच्याबद्दल सांगायचे आहे ती शाळा जिल्हा परिषदेची. नवीन पनवेलहून, म्हणजे माझ्या घरून, जासईच्या दिशेने निघाले की कंटेनरची यार्डे सुरू होतात, त्यांच्या अलीकडे खाडीच्या अंगाला हे गाव आहे. दोन खोल्या, पुढे पत्र्याची लांब पडवी. तिसरी-चौथी एका गुरुजींकडे. तेच मुख्याध्यापक, त्यामुळे त्यांचा अर्धा दिवस मोबाइलवर माहिती भरण्यात जाई. पहिली-दुसरी एका बाईंकडे. बाई नव्या लागलेल्या, लातूरकडच्या. गावात त्यांचे नाव पडले होते ‘घाटावरच्या बाई’. मुले ‘आमी’, ‘हाय’, ‘नाय’ बोलणारी, त्यांत यार्डात कामाला आलेल्यांची दोन-चार हिंदी बोलणारी, आणि बाईंची मराठी मराठवाड्याची. पहिले काही दिवस वर्गात तीन भाषांची परिषद भरल्यासारखे वाटे. मग मुलांनीच तोडगा काढला. बाई चुकल्या की मुले त्यांना सुधारत, मुले चुकली की बाई मुलांना. हिंदीवाली मुले दोघांच्याही चुका काढू लागली.

बोलण्याचे निभावले, वाचण्याचे नव्हते. दुसरीतली बहुतेक मुले अक्षरे ओळखत, पण अक्षराला अक्षर जोडून शब्द करायचा म्हटले की थांबत. आणि गावाने मुदत घातली होती.

मुदत घालणारा होता शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, यार्डात लागणारे दोन ट्रेलर, आणि गावात शब्दाला वजन. त्याचा थोरला मुलगा व्हॅनने नवीन पनवेलच्या इंग्रजी शाळेत जाई. धाकटी मुलगी बाईंच्या दुसरीत होती. जुलैच्या सभेत त्याने शांतपणे सांगितले होते की दिवाळीपर्यंत बघू, तोवर पोरांना वाचता आले नाही तर सुट्टीनंतर माझी पोर व्हॅनमध्ये बसेल. ती बसली की बाकीची मुलेही बसतील, हे त्याला सांगावे लागले नाही. व्हॅन रोज कोपऱ्यावर येत होती आणि तिच्यात जागा होती. दुसरी रिकामी झाली की बाईंची जागा जादा ठरणार आणि त्यांना जिल्ह्याच्या दुसऱ्या कुठल्यातरी टोकाला जावे लागणार.

“पगार तिकडंही तोच मिळणार की सर,” बाई मला म्हणाल्या होत्या. “पण ही पोरं आत्ता कुठं तोंड उघडायला लागलीत.”

नेमक्या याच सुमारास त्यांना मदत करण्याचे वरून ठरले.

आदेश असा होता की प्रत्येक अधिकाऱ्याने मागे पडलेली एक शाळा दत्तक घ्यावी. विचार वाईट नव्हता. पण कोणी कोणती शाळा घेतली हे समोर आले तेव्हा कळले की जवळजवळ सगळ्यांनी हीच घेतली आहे. यात कोणाचा कट नव्हता. मागे पडलेल्या शाळांपैकी दारापर्यंत गाडी जाईल अशी ही एकच होती. बाकीच्या डोंगरातल्या वाड्यांवर होत्या आणि तिथे शेवटची चढण पायी होती. दुर्गम भागात काम केल्याचे समाधानही मिळावे आणि जेवायला पनवेलातही पोचावे, अशी दुसरी शाळा तालुक्याच्या नकाशात नव्हती. अशा रीतीने एका शाळेला पाच-सहा पालक मिळाले, आणि डोंगरातल्या शाळा अनाथ राहिल्यामुळे निवांत शिकत राहिल्या.

साहेब लोक येत ते सकाळी, परिपाठ आटोपता आटोपता, ऊन चढायच्या आत. मग स्वागत. गुलाबाचे फूल, नारळ, स्वागतगीत. नंतर साहेब मुलांना विचारत, मोठेपणी कोण होणार? सुरुवातीला मुले डॉक्टर, पोलीस, ड्रायव्हर अशी उत्तरे देत. ऑगस्ट संपता संपता एका मुलाने सांगितले की तो साहेब होणार, कारण साहेबांना सगळीकडे नारळ मिळतो. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि चुणचुणीत आहे म्हणून फोटो काढला. मग मार्गदर्शन. मग चहा. साहेब गेले की फाटकाशी पुढची गाडी. बाईंच्या खोलीत पुन्हा सगळे स्थिरस्थावर होईपर्यंत खिचडीचा वास सुटलेला असे, आणि त्या वासापुढे बाराखडीचे काय चालणार?

मुले मात्र तरबेज झाली. पांढरी गाडी दिसली की कोणी न सांगता रांग लागे आणि गाणे सुरू होई. एकदा यार्डाचा रस्ता चुकलेला एक गृहस्थ पत्ता विचारायला थांबला. त्याची गाडी पांढरी होती. तिन्ही कडवी संपेपर्यंत तो हात जोडून उभा राहिला. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींनी सवयीने त्याच्या हातात नारळ दिला. तो घेऊन तो निघाला आणि पुन्हा चुकीच्याच दिशेला वळला.

मीही मदत घेऊनच गेलो होतो. माझ्याकडे प्लास्टिकचे आवरण चढवलेल्या रंगीत शब्दपट्ट्यांची पेटी होती आणि तिचा मला थोडा अभिमानही होता. बाईंनी ती उघडून बघितली, छान आहे म्हणाल्या आणि खिडकीत ठेवली. पाहुण्यांना फार आवडेल, असेही म्हणाल्या. शिव्या देण्याची ही लातूरची पद्धत असावी, असे मला वाटून गेले.

मग मी सरळ विचारले, तुम्हाला नक्की काय हवे? त्यांनी जे मागितले ते माझ्या कार्यालयाच्या कुठल्याच योजनेत नव्हते.

“मला मदत नको सर. परिपाठानंतरचा एक तास द्या, दहा ते अकरा. रोजचा. त्या तासाला कुणी आत यायचं नाही.”

त्यांची पद्धत ऐकून मी जरा निराश झालो, कारण तिला नाव नव्हते. प्रत्येक मूल रोज थोडा वेळ त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून त्यांना वाचून दाखवणार. अडले की त्या थांबणार, सांगणार नाहीत. मूल स्वतः सुटेपर्यंत बघत बसणार. बाकीची पहिली-दुसरी तेवढा वेळ जोडीजोडीने आपापले करणार. एवढेच. पण मधे कोणी आले की ज्याचे अडलेले असे ते अडलेलेच उठे, आणि दुसऱ्या दिवशी तिथपर्यंत यायलाच अर्धा वेळ जाई. महिनाभर बहुतेक मुले एकाच पानावर उठत-बसत होती.

वाचवायचे होते ते पुस्तक नव्हे, तास. ते माझ्या आवाक्यातले वाटले. मी कार्यालयात कळवले की या शाळेला सखोल सहाय्याची गरज असल्याने मी रोज सकाळी तिथे थांबेन. सखोल हा शब्द आमच्याकडे कोणी खोदून बघत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी पडवीत खुर्ची टाकून बसलो.

पहिली गाडी आली. मी पुढे होऊन नमस्कार केला, साहेबांना दुसऱ्या खुर्चीत बसवले आणि म्हणालो, आत जाण्याआधी आपला अनुभव ऐकायची इच्छा आहे, आपण सुरुवातीला कुठल्या शाळेवर होतात? एवढे पुरले. साहेब त्यांच्या पहिल्या शाळेवर गेले आणि तिथून तास उलटेपर्यंत परत आले नाहीत. मावशींनी मधे चहा आणला, त्यांनी तो न बघता घेतला. निघताना म्हणाले, शाळेत चांगला बदल जाणवतोय. आतून त्यांनी काहीच पाहिलेले नव्हते, तरी मला ते खरेच वाटले.

हळूहळू माझ्या लक्षात आले की यांतल्या बहुतेकांना मुले बघायचीच नव्हती. त्यांना कोणीतरी ऐकणारे हवे होते, आणि वर्गातली मुले त्यातल्या त्यात गप्प बसणारी असल्यामुळे ते तिकडे वळत. मी त्याहून गप्प बसत होतो. माणसे वाईट नव्हती. एकाने मला खो-खोच्या सामन्याची अशी हकिकत सांगितली की मीच त्यांना अजून थोडे बसा म्हणालो. मावशींना मात्र हा सगळा व्यवहार फुकट वाटे. “सर, तुमाला बसायचा पगार मिलतो?” त्यांनी एकदा कप उचलताना विचारले. मी हो म्हणालो. “मंग माज्या सुनंला लावा की. ती लय चांगली बसते.”

सगळेच बसून ऐकवणारे नव्हते. एक साहेब चपळ होते, खुर्चीकडे न बघता दाराकडे निघाले. माझ्या तोंडून निघून गेले, “साहेब, आत पथदर्शी प्रयोग चालू आहे.” ते जागच्या जागी थांबले. पथदर्शी प्रयोग पाहिला की त्यावर अहवाल द्यावा लागतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. त्यांनी बाहेरूनच शुभेच्छा दिल्या.

शब्द जपून वापरावेत, हे मी वर्षानुवर्षे इतरांना प्रशिक्षणात सांगत आलो आहे. दसऱ्याच्या आधी कार्यालयातून फोन आला की पथदर्शी प्रयोगाची माहिती वरपर्यंत गेली आहे, मोठे साहेब स्वतः बघायला येणार आहेत आणि सोबत तालुक्यातले काही मुख्याध्यापक अभ्यासदौऱ्यावर येतील. मी बाईंना सांगितले. त्या फळा पुसत होत्या. पुसणे थांबले नाही.

“कधी?”

“उद्या. परिपाठानंतर.”

“त्या वेळी माझं वाचन असतं,” त्या म्हणाल्या. स्वरात तक्रार नव्हती. नळाला पाणी कधी येते ते सांगावे तसे सांगितले.

दुसऱ्या दिवशी एक जीप आणि एक मिनी बस आली. मुख्याध्यापकांना मी परस्पर समोरच्या देवळाच्या सभामंडपात नेले आणि बसवले. प्रयोगाचे पहिले तत्त्व असे की निरीक्षकाने वर्गापासून अंतर राखायचे, असे त्यांना सांगितले. अनुभवी माणसे ती, लगेच पटले. काहींनी खांबाला टेकून डोळेही मिटून घेतले. हे होईपर्यंत पडवीत मोठे साहेब एकटे राहिले होते. धावत परत आलो तर खुर्ची रिकामी आणि साहेब वर्गाच्या दारात.

आत बाई दाराकडे पाठ करून जमिनीवर बसल्या होत्या. शेजारी एक हडकुळे पोर ‘पाऊलवाट’ या शब्दात अडकले होते. मागच्या रांगेतल्या मुलांना साहेब दिसले. दोघे उठले आणि स्वागतगीताची पहिली ओळ सुरूही झाली. बाईंनी मागे न बघता नुसते बोट वर केले. गाणे बंद. पोर ‘पाऊ’पर्यंत आले, परत मागे गेले, पुन्हा आले. इतका वेळ कोणत्याही साहेबाला दारात उभे राहिलेले मी पाहिलेले नाही. शेवटी तो शब्द निघाला, एकदम, अख्खा. बाई म्हणाल्या, पुढे. साहेब पाऊल न वाजवता पडवीत आले.

“उठल्या नाहीत त्या,” ते म्हणाले.

“नाही साहेब.”

“माहीत होतं का त्यांना, मी आहे?”

“बहुतेक होतं.”

त्यांनी समोरच्या देवळाकडे बघितले. तिथून मुख्याध्यापकांपैकी कोणाच्या तरी घोरण्याचा बारीक आवाज येत होता. “चालू द्या,” ते म्हणाले. “आणि दिवाळीपर्यंत इकडे कोणाला पाठवू नका म्हणून सांगतो मी.” मग स्वतःच जाऊन मावशींकडून चहा घेतला. साहेब लोकांना एकाच मापाने मोजण्याची माझी सवय मला त्या दिवशी तेवढ्यापुरती आवरती घ्यावी लागली.

त्यानंतर तास मोकळे मिळाले. रिकाम्या पडवीत बसून मला ते ऐकू येई. आधी तुटक, मग ओढत ओढत, मग एखाद्या दिवशी अचानक धावत सुटलेले वाचन. सगळ्यांचे नाही. दोघे शेवटपर्यंत जोडाक्षराला घाबरत होते. बाईंना ते रात्रीही आठवत असावेत, कारण सकाळी आल्या आल्या आधी त्यांनाच हाक असे.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी समितीची सभा झाली. पालक पडवीत सतरंजीवर बसले, आया एका बाजूला, बाप दुसऱ्या बाजूला. अध्यक्षाने थोरल्या मुलालाही बरोबर आणले होते. त्या दिवशी त्याच्या शाळेला सुट्टी होती. बाईंनी दुसरीचे पुस्तक उघडून मुलांना एकेक करून वाचायला लावले. वाचले. पालक खूश दिसले. अध्यक्ष खूश दिसला नाही.

“बाई, वायट नका वाटून घेऊ,” तो म्हणाला. “यो पुस्तक पोरांना पाठ आसल. भायेरचा कायतरी वाचून दाकवा. मंग मी बोलतो.”

मी बाईंकडे बघितले. त्यांनी माझी शब्दपट्ट्यांची पेटी नुसती डोळ्यांनी धुंडाळली आणि सोडून दिली. तीही मुलांना पाठ असणार, हे सगळ्यांना कळले असते. मग त्यांनी हात लांब करून फाटकाबाहेर दाखवले. “ते वाचू द्या?”

रस्त्यापलीकडे आदल्या दिवशीच दिवाळीच्या शुभेच्छांचा फ्लेक्स लागला होता, दुमजली घराएवढा. मधे नेत्यांचा हात जोडलेला फोटो आणि खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांच्या रांगा. आमच्या भागात दिवाळी आधी फ्लेक्सवर येते आणि मग आकाशकंदिलात. मला असले फलक बघवत नाहीत. अध्यक्ष मात्र सावरून बसला. खालच्या रांगेत, काळा चष्मा लावलेला, तोही होता.

त्याचीच मुलगी उठली. पडवीच्या कडेला उभी राहिली आणि वरून सुरुवात केली. ‘दीपावलीच्या’ला वेळ लागला. ‘हार्दिक’ला ती थांबली, ओठ नुसते हलले, आया पुढे झुकल्या. बाई गप्प. ‘हार्दिक’ आला. ‘शुभेच्छा’ त्या मानाने सहज. मग नेत्यांच्या नावाआधीचे ‘भावी आमदार’ वाचून तिने मागे वळून विचारले, “बाई, भावी म्हंजे?”

“अजून झालेले नाहीत ते,” बाई म्हणाल्या.

बापांच्या बाजूला खसखस पिकली. मुलगी खालच्या रांगेवर आली आणि एकेक नाव वाचत सुटली. गावातली नावे ती, प्रत्येक नावाला सतरंजीवरचे एक डोके वर होत होते. शेवटी तिने स्वतःच्या बापाचे नाव वाचले, पूर्ण, आजोबांच्या नावासकट, आणि खालची बारीक अक्षरेही सोडली नाहीत. “युवा नेतृत्व. बाबा, तुमी युवा हाव?”

आता आयांच्या बाजूला आवरेना. तिच्या आईने पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. अध्यक्षही हसला, पण त्याची मान ताठ झाली होती. आपले नाव कोणी इतक्या मोठ्याने, इतक्या लोकांत वाचलेले त्याने पहिल्यांदाच ऐकले असावे.

तेवढ्यात मावशींनी भांडी घासता घासता सुचवले, “आता दादाला वाचूंदे.”

थोरला उठला. तो हुशार मुलगा होता, नाराज न होता पुढे आला. कोपऱ्यात इंग्रजीत लिहिलेले हॅप्पी दिवाळी त्याने झटक्यात वाचले. फ्लेक्स छापणाऱ्याचा फोन नंबरही वाचला. मग बापाच्या फोटोखालच्या ओळीवर आला. पहिले अक्षर लागले, दुसरे लागले, जोडाक्षरापाशी गाडी अडली. धाकटी हळूच सांगायला गेली, बाईंनी बोट वर केले. मुलगा आणखी थोडा झगडला आणि बापाकडे वळून प्रामाणिकपणे म्हणाला, “पप्पा, आमच्याकडे मराठीला मार्क नसतात. ग्रेड असते.”

अध्यक्ष फ्लेक्सकडे बघत राहिला. त्या फ्लेक्सवर त्याने जे काही मिळवले होते ते सगळे होते, चष्म्यासकट, आणि त्याच्या घराचा वारस ते ओळखत होता ते फक्त फोटोवरून. मी इतकी वर्षे मातृभाषेतून शिक्षणावर भाषणे ऐकली आणि दिली, पण हा मुद्दा त्यांत कधी आला नव्हता.

“बाई,” तो शेवटी म्हणाला, “पोर हितंच ऱ्हाईल. व्हॅनवाल्याला मी सांगतो.” मग आवाज जरा खाली आणून, “आनि या दादाला सकालचा जरा बसवाल का तुमच्या तासाला? त्याची व्हॅन अकराला येते.”

“बसवीन. पण तो पहिलीच्या पोरांबरोबर जमिनीवर बसेल, आणि मी काही सांगणार नाही. त्याचं त्यानंच सुटायचं.”

“बसंल, बसंल,” अध्यक्ष म्हणाला. मुलाला कोणी विचारले नाही.

बाकीच्या बापांनी माना हलवल्या. व्हॅनचा विषय तिथेच संपला. बाईंनी पदराने कपाळ पुसले.

अध्यक्ष एकदा खूश झाला की थांबत नाही. बाईंचा सत्कार करायचा, असे त्याने जागेवरच जाहीर केले. सुट्टी संपली की पहिल्याच सोमवारी मांडव, स्टेज, शाल, श्रीफळ, मोठ्या साहेबांना बोलावणे, आणि एक फ्लेक्स. फ्लेक्सवर बाईंचा फोटो मधे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई टाळ्या थांबेपर्यंत थांबल्या.

“करा की,” त्या म्हणाल्या. “पण अकरानंतर.”